सात नामंजूर अर्ज

माझ्या शिष्यवृत्ती विभागातून शेवटच्या दोन वर्षांत सात अर्ज नामंजूर झाले. त्याआधीच्या एकोणतीस वर्षांत एकही नाही. निरोपसमारंभात जो तो त्या एकोणतीस वर्षांबद्दलच बोलला. ‘बाबूजींच्या हातून गेलेला कागद जिल्ह्यातून कधी परत आला नाही,’ असं म्हणत एका प्राध्यापकांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, टाळ्या पडल्या. सात अर्जांचं कोणी नाव काढलं नाही. मंगलकार्यात व्याह्यांसमोर घरातलं उणंदुणं काढत नाहीत, तसंच ते होतं. मला मात्र लिहायचं आहे ते त्या सातांची सुरुवात कशी झाली त्याबद्दल. नोकरीत माझ्या हातून काही बरं झालं असेल तर ते त्या दोन वर्षांत झालं, आणि तेही मी आपणहून केलेलं नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचा. घरी माग होता. वडील कोशाच्या रेशमाची साडी विणत आणि व्यापारी ती उजेडात धरून बघे. एक धागा इकडचा तिकडे दिसला की मजुरीला कात्री. वडिलांची साडी कधी परत आली नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची युक्ती अगदी साधी होती. ज्या सुताची शंका आली ते मागावर चढवायचंच नाही. मी माग सोडून साकोलीच्या एका कॉलेजात लिपिक झालो, पण ही युक्ती सोबत घेऊन आलो. शिष्यवृत्तीची खिडकी मला मिळाली आणि निवृत्तीपर्यंत तिथून मला कोणी हलवलं नाही. हलवणार कोण? ते काम दुसऱ्या कुणाला नकोच होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिष्यवृत्ती एकदा लागली की लागली. तसं नसतं. ती दरवर्षी नव्याने लागावी लागते. त्याला आमच्याकडे नूतनीकरण म्हणतात. पहिल्या वर्षी जात, उत्पन्न, रहिवास असले कागद बघतात. दुसऱ्या वर्षापासून बघतात की हा विद्यार्थी शिकतो आहे की नुसता नाव घालून बसला आहे. म्हणजे मागचा वर्ग पार केला का, हजेरी पंच्याहत्तर टक्के आहे का, मध्ये वर्ष सोडलं का, एक शाखा टाकून दुसरी धरली का. दोन-तीन विषय राहिले आणि विद्यापीठाने वर चढवलं तर चालतं, ती एटीकेटी. वर्गच अडला तर शिष्यवृत्ती अडली. ती अडली की फी खिशातून भरावी लागते, आणि माझ्या खिडकीवर येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे खिसे मला ठाऊक होते.

हजेरीची गंमत सांगायलाच हवी. आमच्याकडे एक प्राध्यापक होते, भला माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही. ते सरसकट सगळ्यांना अठ्ठ्याहत्तर टक्के देत. एका वर्षी त्यांनी लग्न होऊन रायपूरला गेलेल्या मुलीलाही अठ्ठ्याहत्तर दिले. मी यादी घेऊन गेलो. म्हणाले, ‘अरे, चांगली मुलगी होती रे ती.’ दुसरा एक विद्यार्थी तीन वर्षांत तीन शाखांच्या पहिल्या वर्षात बसला. चौथ्या वर्षी आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन झाला आणि कॉलेजातले पंखे दुरुस्त करायला आला तेव्हा त्यानेच माझ्यासाठी चहा मागवला.

एका नापास पोराचा बाप माझ्याशी अर्धा तास भांडला होता. त्याचं म्हणणं असं, “बाबूजी, पास होते त्याले कायले देता शिष्यवृत्ती? तो तं होऊनच राहिला पास. जो नापास झाला त्यालेच गरज आहे ना!” मी खिडकीची फळी खाली पाडली आणि जेवायला गेलो.

आता माझी पद्धत. विद्यार्थी कागद घेऊन खिडकीवर येई. मी गुणपत्रिका बघे. काही खटकलं की कागद तसेच परत सरकवून म्हणे, “होत नाही.” पोरगं कागद गोळा करी आणि जाई. अर्ज आतच आला नाही म्हणजे त्याची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे तो नामंजूर होण्याचा प्रश्नच नाही. पुढे पोर्टल आलं, पोरं सायबर कॅफेतून अर्ज भरू लागली, तरी भरण्याआधी मला विचारायला येतच. बाबूजी हो म्हणाले तर भरायचा, नाही म्हणाले तर फुकट कशाला भरायचा, असा रिवाजच पडला होता. मी ‘नाही’ म्हटलं की ते जिल्ह्याने म्हटल्यासारखं होतं. वर्षाअखेरीच्या तक्त्यात नामंजूर या रकान्यात मी शून्य लिहायचो. ते शून्य मी जरा मोठं काढायचो.

जुलैतल्या एका दुपारी प्रणाली नान्हे खिडकीवर आली. एकोडीकडची ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोरगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी प्राणीशास्त्रात वर्गात पहिली आली होती, म्हणून मला नाव माहीत होतं. तिने गुणपत्रिका पुढे केली. उन्हाळी परीक्षेच्या प्रत्येक विषयापुढे ‘गैरहजर’. खाली ‘अनुत्तीर्ण’. मी कागद परत सरकवला.

“होत नाही.”

“काहून नाही होत, बाबूजी?”

“नापास झालीस.”

“मी नापास नाही झाली. पेपरलेच नाही गेली.”

“तेच ते.”

“तेच ते कसं? ज्यानं पेपर देल्ला अन् नाही जमलं, तो नापास. मी तं बसलीच नाही.”

मागे रांग होती. मी म्हटलं, बाई, निकालावर जे छापलंय ते मी वाचतो, पुढच्याला येऊ दे. ती बाजूला झाली नाही. म्हणाली, “मंग नाही होत, असं लिहून द्या.”

एकोणतीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या खिडकीवर लोक रडले, ओरडले, एकाने तर त्याच्या दैवताची आण घातली. पण ‘लिहून द्या’ कुणी म्हटलं नाही. मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच राग आला.

“कशाला पाहिजे लिहून?”

“बाबाले दाखवाले. बाबा म्हणते, बाबूनं तोंडानं म्हटलं तं ते बाबूचं. कागदावर म्हटलं तं ते सरकारचं.”

हे ज्ञान तिच्या बापाला कुठून आलं तेही तिने सांगितलं. त्यांच्या मासेमारी सोसायटीकडे गावच्या तलावाचा ठेका होता. एका वर्षी ठेक्याची मुदत वाढवायला मंडळी गेली तर कुठल्याशा टेबलावरून ‘आता होत नाही, पुढच्या महिन्यात या’ असं तोंडी सांगितलं. पुढच्या महिन्यात गेले तर मुदत संपलेली आणि तलाव दुसऱ्याच्या नावावर. ‘तुम्ही मुदतीत आलात याला पुरावा काय?’ पुरावा नव्हता. पाच वर्षं अख्खा मोहल्ला दुसऱ्यांच्या पाण्यात मजुरीने जाळं ओढत राहिला. तेव्हापासून त्या मोहल्ल्यात नियमच झाला. सरकारी माणसाने हो म्हटलं तर एक वेळ तोंडी चालेल, नाही म्हटलं तर ते लिहूनच घ्यायचं.

मी तिला म्हटलं, लिहून मिळत नाही. ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. पाचला मी कुलूप लावलं तेव्हा उठली आणि नमस्कार करून एसटी स्टँडकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन आली. किडकिडीत माणूस, छातीत घरघर, दर दोन वाक्यांनंतर खोकला. हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात कागदांचं भेंडोळं. मी मनाशी म्हटलं, आता हा पाया पडणार. तो पाया पडला नाही. खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि विचारलं, “बाबूजी, पोट्टीनं पेपर काहून नाही देल्ला, ते तुमी इचारलं का?”

मी विचारलं नव्हतं.

मग त्या दोघांनी मिळून सांगितलं ते असं. लग्नाला आलेला एक पाहुणा सकाळी शेजारच्या गावच्या तलावात पोहायला उतरला आणि वर आला नाही. पोलीस पाटलाने नान्हेला बोलावणं धाडलं. या भागात कुणी बुडालं की ढिवराला बोलावतात. गाळात, शेवाळात माणूस कुठे अडकला असेल हे त्यांना कळतं. त्याचा पैसा ते घेत नाहीत. नान्हे पाण्यात बुडी मारणार तर डोंगा, म्हणजे छोटी होडी, धरायला त्याचा हात ओळखणारं माणूस हवं. मुलगा हैदराबादला कामाला. राहिली प्रणाली.

“सातले बलावलं, पेपर अकराले होता,” ती म्हणाली. “मले वाटलं, घंटाभरात भेटून जाईल.”

तो सापडला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दोन दिवस पाण्यात राहून नान्हेच्या छातीत पाणी झालं. तिसऱ्या दिवशी त्याला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं आणि पुढचे अकरा दिवस प्रणाली त्याच्या खाटेशी होती. आईला दवाखान्यातलं लिहिणं-वाचणं जमत नाही. तेवढ्यात सगळे पेपर होऊन गेले.

“नाही म्हणायचं होतं,” मी म्हटलं. “परीक्षा आहे म्हणायचं. दुसरं कुणी गेलं असतं.”

नान्हेला माझं बोलणं खरंच कळलं नसावं. “पाण्यात माणूस असला तं नाही कसं म्हणाचं, बाबूजी?” एवढंच म्हणाला आणि खोकला. मग म्हणाला, “तुमी नाही म्हणा. तुमचं कामच आहे ते. पण लिहून द्या.”

ठीक आहे, म्हटलं, देतो लिहून, एकदाची कटकट जाऊ दे. कॉलेजचा कागद घेतला. ‘आपणांस कळविण्यात येते की, शासन निर्णयातील नियम क्रमांक’ इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. क्रमांक आठवेना. तोंडी ‘नाही’ म्हणायला क्रमांक लागत नाही, त्यामुळे मला तो कधी लागलाच नव्हता. कपाटातून परिपत्रकांची फाइल काढली. धूळ झटकली. नियमावली माझी पाठ आहे अशी माझी ख्याती होती, आणि ज्याची पाठ असते तो उघडून बघत नाही.

अनुत्तीर्ण विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती थांबेल, हा नियम सापडला. त्याच्याखाली माझीच जुनी तांबडी रेघ होती. तिच्या लगेच खाली दुसरा परिच्छेद होता आणि त्याला रेघ नव्हती. आजारपणामुळे किंवा अन्य अनपेक्षित कारणामुळे विद्यार्थी परीक्षेस बसू शकला नाही, आणि तो बसला असता तर उत्तीर्ण झाला असता असं संस्थाप्रमुखाने पुराव्यासह प्रमाणित केलं, तर शिष्यवृत्ती पुढील वर्षासाठी चालू ठेवता येईल. असा त्याचा आशय.

मी ते तीनदा वाचलं. पोरगी कालपासून अक्षरशः हेच सांगत होती. नापास वेगळा आणि न बसलेला वेगळा.

खरं सांगतो, एक क्षण मनात आलं की फाइल मिटावी. समोरच्या दोघांना त्यात काय लिहिलंय ते थोडंच दिसत होतं? वरचा क्रमांक टाकून ‘नाही’ लिहून दिलं असतं तर ते दोघं कागद पिशवीत घालून निघून गेले असते. पण नान्हे कठड्याला धरून उभाच होता, त्याला बसा म्हणण्याचंही मला सुचलं नव्हतं. मी बाहेर येऊन त्याला बाकावर बसवलं आणि म्हटलं, “होईल. मी चुकलो.”

‘मी चुकलो’ हे वाक्य त्या खिडकीत नवीन होतं. माझ्या शेजारचा रोखपाल चष्मा वर करून बघायला लागला.

आता खरं काम सुरू झालं, कारण ‘बसली असती तर उत्तीर्ण झाली असती’ हे लिहून कोण देणार? प्राचार्य मॅडम म्हणाल्या, “बाबूजी, मी काय ज्योतिषी आहे का?” मी तिचे पहिल्या वर्षाचे गुण, अंतर्गत चाचण्यांचे गुण आणि हजेरी अशी चळत समोर ठेवली. हजेरी ब्याऐंशी टक्के होती, आणि ती त्या भल्या प्राध्यापकांची नव्हती. प्राणीशास्त्राच्या सरांनी लिहून दिलं की ही मुलगी माशांच्या जाती पुस्तक न उघडता ओळखते, शास्त्रीय नाव तेवढं आम्हाला सांगावं लागतं. मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि सही केली. मी त्यांना धन्यवाद दिले तर म्हणाल्या, “हे तुम्ही आधी कधी का आणलं नाही हो माझ्याकडे?” मी म्हटलं, तशी वेळ आली नाही मॅडम. हे मात्र खोटं बोललो.

पुरावा हा दुसरा घोळ. दवाखान्याच्या कागदावर आजारी बाप, परीक्षा पोरीची. पंचनाम्यात शोध घेणारा म्हणून नान्हेचं नाव, पोरीचं नावच नाही. पोलीस पाटलाला मी फोन केला तर म्हणाला, “आता पोट्टीचं नाव पंचनाम्यात कसं टाकाचं, बाबूजी? अन् टाकलं असतं तं उद्या लग्नात अडचण.” मी म्हटलं, पंचनामा राहू द्या, डोंगा कोण धरून होतं एवढं वेगळ्या कागदावर लिहा. त्याने लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून कुणाची सही घेतली असेल? बुडालेल्या पाहुण्याच्या भावाची. तो माणूस लाखांदूरकडून मोटारसायकलवर आला, सही केली, चहासुद्धा न घेता परत गेला. हे मला प्रणालीने सांगितलं आणि सांगताना पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

अर्ज भरला, मी पुढे पाठवला, प्राचार्यांच्या लॉगिनमधून जिल्ह्याला गेला. आठ दिवसांनी शेरा आला, ‘विद्यार्थिनी अनुत्तीर्ण, खुलासा करावा.’ माझ्या नोकरीतला पहिला शेरा. पूर्वी असा शेरा आला असता तर मला जेवण गेलं नसतं. त्या दिवशी मी जेवलो, फाइल काखेत मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला गेलो.

जिल्ह्याच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती, माझ्या धाकट्या लेकीएवढी. तिने माझे कागद नीट लावून वाचले. म्हणाली, “काका, सगळं बरोबर आहे. नियमाचा क्रमांक तेवढा पाठवताना तुमच्या शेऱ्यात टाकायला हवा होता, म्हणून परत आला. बाकीच्या कॉलेजांकडून टाकूनच येतात.”

“बाकीच्या कॉलेजांकडून येतात?”

“दरवर्षी येतात. कुणाला टायफॉइड, कुणाचा अपघात, कुणाचं बाळंतपण. काही मंजूर होतात, काही नाही होत.” मग ती सहज हसून म्हणाली, “तुमच्या कॉलेजात कोणी आजारीच पडत नाही वाटतं, काका. तुमच्याकडून हा पहिलाच.”

ती चेष्टेने म्हणाली. मीही हसलो. परतीच्या गाडीत लाखनीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला एकेक चेहरा आठवत होता. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक, भावाच्या खांद्यावर हात ठेवून आलेला. बाळ कडेवर घेऊन आलेली एक. वडिलांसारखेच शंकेचे धागे मी आयुष्यभर बाजूला ठेवले होते. पण बाजूला ठेवलेल्या सुताचं काही बिघडत नाही, ते दुसऱ्या कामाला येतं. या पोरांचं वर्ष गेलं होतं, काहींचं शिक्षणच. मला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाला सांगावी तर बाजूच्या सीटवर एक अनोळखी माणूस भाजीची थैली मांडीवर घेऊन झोपला होता.

प्रणालीचा अर्ज मंजूर झाला. ती पेढे घेऊन आली नाही, मंजुरीच्या पानाची छापील प्रत मागायला आली. बापाच्या पिशवीसाठी.

आणि मग रांग लागली. साकोली ते एकोडी एसटीत, मुलींच्या वसतिगृहात, कुठे कुठे ही बातमी गेली ते प्रणालीलाच ठाऊक. बाबूजी ‘नाही’ म्हणाले तर लिहून मागायचं, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. जे येत, त्यांचा कागद मी हातात घ्यायला लागलो, पूर्ण वाचायला लागलो आणि शंका असली तरी आत घ्यायला लागलो. ‘का नाही बसलास?’ असं विचारायला लागलो. पोरं सांगत. कधी खरं, कधी रचून. रचलेलं मला कळे, मीही याच जिल्ह्यातला आहे. त्यांतले बरेच अर्ज मंजूर झाले. सात झाले नाहीत. त्या सातांना जिल्ह्याने कारणासह लेखी कळवलं, दोघांनी त्यावर अपील केलं. तक्त्यात मी नामंजूरच्या रकान्यात सात लिहिलं, नेहमीच्याच अक्षरात.

त्या रांगेत एका दुपारी छाया आली. गळ्यात मोबाइलच्या दुकानाचं ओळखपत्र, जेवणाच्या सुट्टीत आलेली. चेहरा ओळखीचा वाटला, नाव तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ऐन परीक्षेत तिला टायफॉइड झाला होता. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन ती खिडकीवर आली होती. मी ते हातातही घेतलं नव्हतं. ‘होत नाही’ म्हटलं होतं. फी जमली नाही, तिने कॉलेज सोडलं.

“आता आली तं चालते का, बाबूजी?”

मी नियमावली उघडली. आता मी प्रत्येक वेळी उघडत होतो. काही मार्ग आहे का ते बघितलं, भंडाऱ्याच्या त्या मुलीला फोन करून विचारलं. मार्ग नव्हता. त्या वर्षाची मुदत कधीच संपली होती, पोर्टलवरचं ते वर्षच बंद झालं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “आता खरंच नाही.”

“मंग तसं लिहून द्या.”

मी कागद घेतला. ‘अर्जदार विद्यार्थिनी वैद्यकीय प्रमाणपत्रासह मुदतीत कार्यालयात उपस्थित झाली होती. तथापि अर्ज स्वीकारण्यात आला नाही,’ असं लिहिलं. वाचून बघितलं. अर्ज कुणी स्वीकारला नाही ते त्यात कुठेच नव्हतं. ते शेवटचं वाक्य खोडलं आणि त्यावर लिहिलं, ‘ती पात्र होती. अर्ज मी घेतला नाही. चूक माझी आहे, तिची नाही.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. शिक्का मारला.

तिने उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“याच्यानं तुझं काम होणार नाही, पोरी,” मी म्हटलं. “हा कागद कुठे चालणार नाही.”

“चालते,” ती म्हणाली. “बाबाले दाखवीन. तो दोन वर्षांपासून म्हणून राहिला का मीच अभ्यास नाही केला, म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली.”

शिक्क्याची शाई ओली होती. ती पुसू नये म्हणून छाया कागद घडी न करता दोन्ही हातांत उघडाच धरून पायऱ्या उतरली.